पहिल्या तारखेचा पगार पाच तारखेला: राज्याची तिजोरी नेमकी कुठे अडते?

सप्टेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेशातल्या सुमारे दोन लाख सरकारी कर्मचाऱ्यांच्या खात्यात १ तारखेला पगार जमा झाला नाही. तो ५ तारखेला झाला. निवृत्त कर्मचाऱ्यांना पेन्शन मिळाली ती १० तारखेला. त्याआधी काही दिवस मुख्यमंत्री सुखविंदर सिंग सुक्खू यांनी स्वतःचे आणि मंत्र्यांचे वेतन-भत्ते दोन महिने पुढे ढकलल्याचे जाहीर केले होते.

सरकारने दिलेला खुलासा मुळातून समजून घेण्यासारखा आहे, कारण राज्याची तिजोरी कशी चालते ते त्यात उघडे पडते. हिमाचलला तेव्हा महिन्याला पगारासाठी १,२०० कोटी आणि पेन्शनसाठी ८०० कोटी रुपये लागत. हे दोन हजार कोटी १ तारखेला द्यायचे. केंद्राकडून मिळणारे ५२० कोटींचे महसुली तूट अनुदान येई ६ तारखेला. केंद्रीय करांमधला वाटा, ७४० कोटी, येई १० तारखेला. मधल्या दिवसांपुरते साडेसात टक्क्यांनी कर्ज काढावे लागे. पगार चार दिवस उशिरा दिला तर १,२०० कोटींवरचे चार दिवसांचे व्याज वाचते, साधारण ९९ लाख. पेन्शन नऊ दिवस उशिरा दिली तर ८०० कोटींवरचे नऊ दिवसांचे व्याज, जवळपास दीड कोटी. दोन्ही मिळून अडीच कोटी होतात. सरकारने सांगितलेला बचतीचा आकडा महिन्याला सुमारे ३ कोटींचा होता.

एवढ्या रकमेसाठी दीड लाख पेन्शनरांना दहा तारखेपर्यंत थांबावे लागले. ज्यांचे घर पेन्शनवर चालते त्यांच्यासाठी नऊ दिवस ही लहान गोष्ट नाही. पुढच्या महिन्यात पगार पुन्हा १ तारखेला झाला, पण प्रश्न उघड झाला तो झालाच.

अशी बातमी आली की चर्चा दोन ठरलेल्या वाटांनी जाते. एक बाजू म्हणते, सरकारने फुकट योजनांची खैरात वाटली, उधळपट्टी केली, भोगा आता. दुसरी म्हणते, करांचे ओझे इतके वाढवले की धंदा-उद्योग आखडले आणि मिळकतच आटली. दोन्हींत थोडेथोडे तथ्य आहे. पण राज्यांचे हिशेब बारकाईने पाहिले तर कर किती जास्त किंवा खर्च किती मोठा यापेक्षा वेगळी गोष्ट निर्णायक ठरते: मागे घेता न येणारी देणी सरकारने कोणत्या मिळकतीच्या भरवशावर अंगावर घेतली, आणि ती मिळकत किती टिकाऊ होती. हिमाचलचा हिशेब यासाठी सगळ्यात स्वच्छ उदाहरण आहे.

मिळकत येते कुठून

राज्याच्या महसुली जमेचे चार झरे असतात. स्वतःचे कर. स्वतःचे करेतर उत्पन्न, म्हणजे खनिजांची रॉयल्टी, पाणीपट्टी, वीजनिर्मितीतला वाटा, निरनिराळी शुल्के. केंद्रीय करांमधला वाटा. आणि केंद्राची अनुदाने.

स्वतःचे कर म्हटले की वाटते, विधानसभेने ठरवले की वाढवता येतील. १ जुलै २०१७ पासून तसे राहिलेले नाही. जीएसटीचे दर जीएसटी परिषद ठरवते. तिथे निर्णयाला तीन चतुर्थांश मते लागतात आणि केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश आहे. एकट्या राज्याला स्वतःपुरता दर बदलता येत नाही. राज्याच्या हातात उरले पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचे उत्पादन शुल्क, मुद्रांक शुल्क, वाहन कर आणि वीज शुल्क. व्यवसाय कर आहे, पण त्यावर राज्यघटनेनेच माणशी वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. म्हणून तिजोरीला चिमटा बसला की प्रत्येक पक्षाचे सरकार डिझेल आणि दारूकडेच वळते. दुसरीकडे वळायला फारशी जागाच नाही.

केंद्रीय करांमधला वाटा वित्त आयोग ठरवतो. पंधराव्या आयोगाने वाटपयोग्य रकमेपैकी ४१ टक्के राज्यांना दिली. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशचा १७.९३९ टक्के, हिमाचलचा ०.८३ टक्के. ‘वाटपयोग्य’ हा शब्द नीट लक्षात घ्यावा. केंद्र जे उपकर आणि अधिभार लावते ते या रकमेत धरलेच जात नाहीत. पेट्रोलवर केंद्राने मूळ शुल्काऐवजी उपकर वाढवला तर पंपावर आपल्याला लिटरमागे तेवढेच पैसे मोजावे लागतात, पण राज्याच्या वाट्याला त्यातले काही येत नाही.

आता हिमाचलला मिळालेले महसुली तूट अनुदान पाहा. वाटा देऊनही ज्या राज्यांचा महसुली खर्च भागणार नाही असा पंधराव्या आयोगाचा अंदाज होता, त्यांना हे अनुदान मिळाले. हिमाचलला २०२१-२२ मध्ये १०,२४९ कोटी मिळाले. २०२२-२३ मध्ये ९,३७७ कोटी, २०२३-२४ मध्ये ८,०५८ कोटी, २०२४-२५ मध्ये ६,२५८ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ३,२५७ कोटी. पाच वर्षांत ही रक्कम एक तृतीयांशाच्याही खाली आली. ही उतरंड अचानक कोसळलेली नव्हती. ती आयोगाच्या अहवालात वर्षवार छापलेली होती. राज्य दरम्यान स्वतःचे उत्पन्न वाढवेल, या गृहीतकावर ती आखलेली होती.

याच काळात दुसरा आधारही गेला. जीएसटी आणताना राज्यांना हमी दिली होती की २०१५-१६ चा महसूल पाया धरून दरवर्षी १४ टक्के वाढ मिळेल, कमी पडेल ते केंद्र भरून देईल. ही हमी पाच वर्षांची होती आणि ती ३० जून २०२२ रोजी संपली. हिमाचलसाठी तिचे महत्त्व इतरांपेक्षा जास्त होते. बद्दी-बरोटीवाला-नालागढ पट्ट्यात औषधांचे कारखाने आहेत आणि त्यांचा माल देशभर जातो. जीएसटी मात्र माल जिथे वापरला जातो तिथल्या राज्याला मिळतो. पूर्वी राज्याबाहेर गेलेल्या मालावर २ टक्के केंद्रीय विक्रीकर मूळ राज्याला मिळायचा, तो बंद झाला. छोट्या लोकसंख्येचे, उत्पादन जास्त आणि खप कमी असलेले राज्य या व्यवस्थेत मागे पडते. यात तिथल्या सरकारची उधळपट्टी शोधून सापडणार नाही.

शंभर रुपये कुठे जातात

हिमाचलच्या २०२४-२५ च्या अंदाजपत्रकाचा आकार ५८,४४४ कोटी रुपयांचा होता. सरकारनेच दिलेल्या हिशेबानुसार त्यातल्या दर शंभर रुपयांपैकी २५ पगारावर, १७ पेन्शनवर, ११ व्याजावर, ९ कर्जफेडीवर आणि १० स्वायत्त संस्थांच्या अनुदानावर. उरले २८. रस्ते, पूल, नळपाणी योजना, शाळेच्या इमारती, नव्या-जुन्या योजना, सगळे यातच.

पुढच्या वर्षी, २०२५-२६ मध्ये, अंदाजपत्रक ५८,५१४ कोटींचे झाले. वाढ फक्त ७० कोटी. महागाई धरली तर हे अंदाजपत्रक आकसलेले आहे. तरी शंभरातले पगाराचे २५ तसेच राहिले, पेन्शन १७ वरून २० वर गेली, व्याज १२, कर्जफेड १०, अनुदाने ९. उरलेले २८ होते, ते २४ झाले.

ज्या वर्षी सरकारने एकूण खर्च जवळजवळ वाढवलाच नाही, त्याच वर्षी मोकळा पैसा सातव्या हिश्श्याने घटला. ‘खर्च कमी करा’ हा सल्ला इथे पुरेसा का पडत नाही ते यावरून कळते. कात्री लावायला मोकळा भाग २४ रुपयांचाच आहे, आणि वाढतो आहे तो बाकीचा ७६ रुपयांचा भाग. त्याला मागच्या वर्षांचे निर्णय वाढवत असतात.

हे निर्णय कोणते? हिमाचल आपल्या कर्मचाऱ्यांना पंजाबच्या वेतन आयोगाच्या धर्तीवर वेतन देते. सहाव्या आयोगाची वेतनश्रेणी जानेवारी २०२२ मध्ये लागू झाली, पण १ जानेवारी २०१६ पासून. म्हणजे सहा वर्षांची थकबाकी एका फटक्यात डोक्यावर आली. वेतनश्रेणी जाहीर करताना टाळ्या एका सरकारला मिळाल्या, हप्ते पुढच्या सरकारच्या गळ्यात पडले. २०२२ मध्येच १२५ युनिटपर्यंत वीज मोफत झाली. मग निवडणूक झाली, सत्ता बदलली, आणि नव्या सरकारने १ एप्रिल २०२३ पासून जुनी पेन्शन योजना परत आणली.

जुन्या पेन्शनचा उलटा हिशेब

इथे थोडे थांबायला हवे, कारण या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचा समज अर्धवट असतो.

नव्या पेन्शन योजनेत कर्मचारी पगाराच्या १० टक्के भरतो आणि सरकार १४ टक्के. हा पैसा आज तिजोरीतून बाहेर जातो आणि गुंतवला जातो. जुन्या योजनेत आज काहीच भरायचे नसते. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम अधिक महागाई भत्ता, ही देणी निवृत्तीनंतर सुरू होतात. म्हणून जुनी पेन्शन आणली की त्या वर्षाचा खर्च कमी होतो! सरकारच्या हातात चक्क पैसा उरतो. हिमाचलमध्ये नवी योजना १५ मे २००३ नंतर भरती झालेल्यांना लागू होती. यातले बहुतेक जण २०३० नंतरच्या वर्षांत निवृत्त होतील. बिल तेव्हा येईल, आणि ते फेडण्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा नसेल.

त्यामुळे ‘जुन्या पेन्शनमुळे २०२४ मध्ये पगार रखडला’ हे सरळसोट विधान चूक आहे. २०२४ ची पेन्शन वाढली ती पूर्वीच्या भरतीतले लोक निवृत्त होत असल्यामुळे आणि सुधारित वेतनश्रेणीमुळे. मात्र या निर्णयाचा एक चटका ताबडतोब बसला. नव्या योजनेत भरलेल्या रकमेइतके जादा कर्ज काढण्याची मुभा केंद्राने राज्यांना दिली होती. योगदान थांबले तशी ती मुभाही गेली.

महाराष्ट्रात हाच प्रश्न मार्च २०२३ मध्ये रस्त्यावर आला. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन मिळावी म्हणून कर्मचाऱ्यांनी १४ मार्चपासून संप केला आणि तो २० तारखेला मिटला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली: २५ वर्षे सेवा झाली असेल तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, पण योगदान चालू ठेवून. हमी आणि निधी दोन्ही असणे हे नुसत्या हमीपेक्षा निश्चित बरे आहे. निधी कमी पडला तर फरक मात्र सरकारलाच भरावा लागणार, हेही त्यात आलेच.

करांचे काय

उत्पन्न वाढवण्याचे प्रयत्न हिमाचलने केले. डिझेलवरचा व्हॅट जानेवारी २०२३ मध्ये लिटरमागे ३ रुपयांनी वाढवला, त्याच वर्षी जुलैमध्ये आणखी ३ रुपयांनी. जलविद्युत प्रकल्पांवर पाणी उपकर लावणारा कायदा केला. राज्यात नद्या आहेत, वीज तयार होते, तेव्हा तिथून उत्पन्न मिळवावे हा विचार रास्त होता. पण मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने तो कायदा राज्याच्या अधिकाराबाहेरचा म्हणून रद्द केला. धरलेला पैसा आला नाही, आणि सहाच महिन्यांनी पगार रखडला.

मग कर जास्त असल्यामुळे तिजोरी रिकामी होते, हा दावा कितपत खरा? उलटी दिशा एकदा तपासून पाहू. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्याने २०१२ मध्ये हा प्रयोग मनापासून केला. गव्हर्नर सॅम ब्राऊनबॅक यांनी प्राप्तिकराचा वरचा दर ६.४५ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आणला आणि छोट्या-मध्यम व्यवसायांच्या मालकांना मिळणारा नफा पूर्ण करमुक्त केला. अपेक्षा अशी की उद्योग वाढतील आणि कमी दरातूनही महसूल भरून निघेल. २०१४ च्या आर्थिक वर्षात महसूल सुमारे ७० कोटी डॉलरने घटला. मग महामार्ग निधीतून पैसे उचलले गेले, राज्याचे पतमानांकन घसरले, विक्रीकर वाढवावा लागला. जून २०१७ मध्ये विधिमंडळाने, ज्यात गव्हर्नरांच्याच पक्षाचे बहुमत होते, त्यांचा नकाराधिकार डावलून करकपात मागे घेतली. कर घटवून तिजोरी आपोआप भरत नाही, एवढे यातून नक्की समजते.

कॅलिफोर्नियाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कर खरोखरच चढे आहेत. मे २०२२ मध्ये गव्हर्नरांनी ९७ अब्ज डॉलरहून जास्त शिल्लक जाहीर केली. डिसेंबर २०२३ मध्ये विधिमंडळाच्या विश्लेषक कार्यालयाने ६८ अब्ज डॉलरच्या तुटीचा अंदाज दिला. दीड वर्षात एवढी उलथापालथ झाली आणि मधल्या काळात करांचे दर जवळपास तेच होते. कारण असे की तिथला महसूल मोठ्या प्रमाणावर श्रीमंतांच्या प्राप्तिकरावर, त्यातही शेअरविक्रीच्या नफ्यावर टेकलेला आहे. बाजार तेजीत असला की पैशाचा पूर येतो, बाजार पडला की विहीर तळाला जाते. २००९ च्या जुलैमध्ये याच राज्याने पुरवठादारांना आणि करपरतावा मागणाऱ्यांना रोखीऐवजी ‘नंतर पैसे देऊ’ अशा चिठ्ठ्या दिल्या होत्या. दर उंच असण्यापेक्षा महसूल हिंदकळणारा असणे तिथे जास्त बाधले.

आपल्याकडे हिंदकळण्याचा नमुना पाहायचा असेल तर मुद्रांक शुल्क पाहावे. करोनाच्या काळात महाराष्ट्राने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० साठी हे शुल्क ३ टक्क्यांनी आणि जानेवारी ते मार्च २०२१ साठी २ टक्क्यांनी कमी केले. डिसेंबरअखेर मुंबई-पुण्याच्या नोंदणी कार्यालयांत रांगा लागल्या. त्यातले बरेच व्यवहार नंतर होणारच होते, सवलतीची तारीख गाठण्यासाठी ते अलीकडे ओढले गेले. गृहबाजारासाठी उपाय बरा होता. पण असल्या महिन्यांच्या वसुलीवर कोणी कायमचा खर्च बेतला तर तो फसणार.

महाराष्ट्राची स्थिती

महाराष्ट्र हिमाचलच्या जागी नाही, हे आधी स्पष्ट सांगायला हवे. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात राज्यावरचे कर्ज ९.३२ लाख कोटी दाखवले आहे. आकडा छाती दडपवणारा वाटतो, पण राज्याच्या स्थूल उत्पन्नाशी त्याचे प्रमाण १८.८७ टक्के आहे. पंजाबात ते ४५ टक्क्यांच्या वर आहे. राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्ज काढून भागवायची एकूण तफावत, १,३६,२३५ कोटी; स्थूल उत्पन्नाच्या २.७६ टक्के, ३ टक्क्यांच्या मर्यादेत. नुसता कर्जाचा आकडा फेकून ‘राज्य दिवाळखोरीत’ म्हणणारे चूक आहेत.

काळजीची जागा दुसरीकडे आहे. महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी. फरक ४५,८९१ कोटींचा. ही महसुली तूट. धरण, मेट्रो, रस्ता यांसाठी कर्ज काढले तर पुढे त्यातून काही उभे राहते. महसुली तूट म्हणजे पगार, अनुदान, व्याज, रोख योजना यांपैकी काही भाग कर्जातून भागवणे. थोडक्यात ऋण काढून सण.

यात ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचा हिशेब करून पाहा, अवघड नाही. महिन्याला १,५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. दोन कोटी महिला धरल्या तर ३६,००० कोटी. २०२५-२६ ची तरतूद एवढीच होती. निवडणुकीत सांगितलेले २,१०० रुपये त्याच दोन कोटी महिलांना द्यायचे झाले तर ५०,४०० कोटी. गरीब घरातल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि आमचा तिला विरोध नाही. आक्षेप घोषणेच्या क्रमावर आहे. जुलै २०२४ पासून योजना सुरू झाली तेव्हा तिच्याइतक्या रकमेची नवी, कायम मिळकत कुठून येणार ते त्याच कागदावर लिहिलेले नव्हते. नंतर शोधाशोध सुरू झाली: पात्रतेची छाननी, जून २०२५ मध्ये दारूवरच्या उत्पादन शुल्कात वाढ. आधी मिळकत ठरवून मग देणे ठरवले असते तर लाभार्थी बाईला ‘पुढचा हप्ता येईल का’ ही धास्ती राहिली नसती.

पैसा खरोखर संपतो तेव्हा

राज्याला नोटा छापता येत नाहीत आणि हवे तेवढे कर्जही काढता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २९३(३) नुसार केंद्राचे कर्ज बाकी असलेल्या राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते, आणि जवळपास सगळ्याच राज्यांकडे ते बाकी असते. केंद्र दरवर्षी प्रत्येक राज्याची उचल-मर्यादा ठरवते. केरळने सरकारी महामंडळामार्फत काढलेले कर्जही या मर्यादेत धरले गेले, तेव्हा ते राज्य सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाने तातडीचा दिलासा नाकारला आणि प्रश्न घटनापीठाकडे पाठवला.

रोजच्या चढउतारासाठी रिझर्व्ह बँक राज्यांना अल्पमुदतीची उचल देते. साधारणपणे रेपो दराने, म्हणजे ज्या व्याजाने ती बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते त्याच दराने. तिची मर्यादा ओलांडली की ओव्हरड्राफ्ट सुरू होतो आणि व्याज रेपोच्या वर २ टक्के, आणखी पुढे गेल्यास ५ टक्के. सलग १४ कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ राज्य ओव्हरड्राफ्टमध्ये राहू शकत नाही, नाहीतर बँक देयके थांबवते. ही वेळ येऊ नये म्हणून वित्त विभाग आधीच गळफास सैल करत असतो, आणि त्याचा क्रम बहुतेक राज्यांत एकसारखाच दिसतो.

आधी कंत्राटदारांची देयके थकतात. काम झालेले असते, मोजमाप पुस्तिकेत नोंद असते, पण निधी वितरित होत नाही. मग भांडवली खर्चाला कात्री लागते. मंजूर कामाला वर्षाला पाच-दहा टक्केच निधी मिळतो, पूल अर्धवट राहतो आणि त्याची किंमत वाढत जाते. मग रिक्त पदे भरली जात नाहीत. पगारावरचा खर्च आटोक्यात दिसतो, तलाठ्याकडे चार गावे येतात. शिष्यवृत्त्या, शाळांची वेतनेतर अनुदाने, महावितरणसारख्या कंपन्यांना द्यायची सवलतीची रक्कम लांबते. पगाराची तारीख चुकते ती सगळ्यात शेवटी. म्हणून पगार वेळेवर होतो आहे, याचा अर्थ तिजोरी ठणठणीत आहे असा घेऊ नये.

हे सगळे फार दिवस चालले की काय होते ते पंजाबात दिसते. २०२५-२६ मध्ये तिथली महसुली जमा सुमारे १.११ लाख कोटी. व्याजाला सुमारे २५ हजार कोटी, वीज सवलतीला सुमारे २० हजार कोटी. शंभरातले चाळीस रुपये या दोनच गोष्टींत जातात. शेतीपंपांना मोफत वीज १९९७ मध्ये सुरू झाली, जुलै २०२२ पासून घरगुती ३०० युनिटही मोफत. व्याज भागवण्यासाठी नवे कर्ज, त्यावर पुन्हा व्याज. इथवर आल्यावर ‘कर की खर्च’ हा वाद करण्यात अर्थ उरत नाही, कारण सर्वात मोठ्या खर्चांपैकी एक म्हणजे जुन्या तुटींवरचे व्याजच असते.

अंदाजपत्रक हातात घेतल्यावर काय पाहावे

पहिला आकडा महसुली तुटीचा. एकूण आकार, ‘विक्रमी अंदाजपत्रक’ वगैरे बाजूला ठेवा. त्यानंतर पगार, पेन्शन आणि व्याज यांची बेरीज महसुली जमेला भागून पाहा, आणि एका वर्षाचा आकडा न घेता पाच वर्षांचे आकडे ओळीने मांडा. प्रमाण दरवर्षी दोन-तीन टक्क्यांनी चढत असेल तर हिमाचलची वाट आहे असे समजावे. व्याज एकट्याने महसुली जमेच्या १५ टक्क्यांच्या पुढे जात असेल तर अधिक जागरूक राहावे.

मग तीन रकाने शेजारी ठेवा: अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष. जमेचा अंदाज दरवर्षी फुगवलेला आणि प्रत्यक्षात कमी, तर भांडवली खर्चाचा अंदाज मोठा आणि प्रत्यक्षात कापलेला, असे दिसले तर मार्चमधली भाषणे कशी वाचायची ते कळते. पुरवणी मागण्यांचा, म्हणजे अंदाजपत्रकानंतर विधिमंडळाकडे मागितलेल्या जादा खर्चाचा, आकडाही याच वेळी पाहावा. महाराष्ट्रात जुलै २०२४ मध्ये ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, अतिरिक्त अर्थसंकल्प मांडून दोन आठवडेही झाले नव्हते. पुरवणी मागणी गैर नसते, काही वेळा ती फक्त केंद्राच्या निधीची नोंद असते. पण एवढ्या मोठ्या आकड्यातला किती भाग नव्या कायम देण्यांचा आहे हे आमदारांनी विचारायला हवे, आणि वाचकांनी आमदारांना.

शेवटी हमींचे विवरणपत्र. महामंडळांनी काढलेल्या कर्जांना राज्य सरकार जामीन राहते आणि ती रक्कम तुटीत दिसत नाही. महामंडळाचे स्वतःचे उत्पन्न हप्ता भरण्याइतके नसेल तर ते कर्ज आज ना उद्या सरकारचेच होते. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या राज्य वित्त अहवालात हे आकडे आणि अखर्चित निधी यांवर स्वतंत्र प्रकरणे असतात. अहवाल उशिरा मांडला जातो, बऱ्याचदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, त्यामुळे त्यावर चर्चा होत नाही. पण तो संकेतस्थळावर कोणालाही मोफत वाचता येतो.